मामांची बिडी, दम्याची गोळी आणि दसऱ्याचा फोन

२०२३ च्या दसऱ्याला सकाळी साडेसातला मामीचा फोन आला. मी दुकान उघडून नुकती पूजा मांडत होतो (पुण्यात माझं मेडिकल आहे), आणि मामी एकदम रडवेली, "आरं, ह्यांचं हात थरथरायला लागल्यात, रात्रभर झोप न्हाई, छातीत धडधडतंय, चहा पिला की उमासा येतोय. आता सोडलेली बिडी परत दिऊ का सांग लवकर, शेजारचं तात्या म्हंतायत एकदम सोडायची नसती."

मामांनी बिडी सोडून तेव्हा बरोबर नऊ दिवस झाले होते. घटस्थापनेला शेवटची ओढली, १५ ऑक्टोबरला पहाटे, आणि मग बंडल मामीच्या हातात दिलं.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण यात मी स्वतः दोन चुका केल्या, ज्या माझ्या धंद्यातल्या माणसाने करायला नको होत्या, आणि दुसरं म्हणजे बिडी सोडण्याबद्दल आपल्याकडे जे काही बोलतात ते सगळं मनाच्या निग्रहावर येऊन थांबतं. मामांचा निग्रह पहिल्या दिवसापासून शाबूत होता हो. घोळ भलतीकडेच झाला.

आधी माणूस कोण ते सांगतो. मामा सातारा जिल्ह्यातले, कोरेगाव तालुका, एसटीत ड्रायव्हर म्हणून बाविसाव्या वर्षी लागले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाले. बिडी लागली तीही नोकरीबरोबरच. मुक्कामी गाडी घेऊन कुठल्यातरी खेड्यात रात्री नऊला पोचायचं, गाडीतच झोपायचं, पहाटे पाचला पहिली फेरी, त्या थंडीत कंडक्टरने पुढे केलेली बिडी कोण नाही म्हणणार. मग डेपोत चहाबरोबर एक, जेवणानंतर एक, गाडी लावली की एक, असं करत दिवसाला एक बंडल म्हणजे पंचवीसच्या आसपास. साठीपर्यंत अडतीस वर्षं. मी एकदा त्यांच्यासमोर गुणाकार केला तर साडेतीन लाखांच्या जवळपास बिड्या झाल्या, मामा जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "एवढ्यात तर नवी गाडी आली असती रं."

ड्युटीवर असताना मात्र ते चार-चार तास बिडीशिवाय काढायचे, तक्रार नाही. २ ऑक्टोबर २००८ ला सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आली तेव्हा स्टँडवर पाट्या लागल्या, तर मंडळी वर्कशॉपच्या मागे जायला लागली, एवढाच फरक.

आधी तीन वेळा सोडून झाली होती. एकदा वारीला जाऊन माळ घातली, तर मटण सुटलं ते आजतागायत सुटलेलंच आहे पण बिडी बावीस दिवसांत परत आली (मामांचं म्हणणं माळेत बिडीचा उल्लेख नाही). दुसऱ्यांदा नात झाली तेव्हा. तिसऱ्यांदा २०२० च्या लॉकडाऊनमध्ये टपऱ्या बंद होत्या म्हणून नाइलाजाने, आणि तेव्हा तर त्यांनी कुणाकडून तरी तिप्पट पैसे देऊन बंडल मिळवलं होतं, मामी अजून ते ऐकवते.

तर २०२३ च्या पावसाळ्यात जिना चढताना धाप लागायला लागली. दम्याची गोळी दोन वर्षं चालूच होती, गावातल्या डॉक्टरांनी दिलेली थिओफिलीन, सकाळ-संध्याकाळ. ती कमी पडते म्हणून आदल्या वर्षी डोस वाढवला होता. हे लक्षात ठेवा, पुढे हेच महत्त्वाचं आहे. साताऱ्याला छातीच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं, फुंकायची टेस्ट केली, म्हणजे स्पायरोमेट्री, तर पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर यायला पाहिजे त्याच्या ५८ टक्केच येत होती. मॅडम म्हणाल्या दमा नाहीये हा, सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसण्याचा आजार, धुराने झालेला. शिवाय हेही सांगितलं की गेलेलं फारसं परत येत नाही, पण ओढणाऱ्याची ही हवा दरवर्षी साधारण ६० मिली कमी होत जाते आणि सोडणाऱ्याची त्याच्या निम्म्याने, म्हणजे वयाने जेवढी सगळ्यांचीच होते तेवढीच. त्यांनी इन्हेलर लिहून दिला. मामांनी तो आणलाच नाही, "पंप लागला म्हंजी संपलं" हे गावाकडचं ठरलेलं मत आहे, आणि आणला नाही हे आम्हाला कुणाला सांगितलंही नाही. जुनीच गोळी चालू ठेवली.

मामांना मुळात पटलेलं नव्हतं. त्यांचा मुद्दा असा की बिडी म्हणजे पानात गुंडाळलेला तंबाखू, सिगरेटीसारखं कागद-केमिकल काही नाही, आणि तंबाखू तरी केवढा, चिमूटभर. चिमूटभर खरंय, ग्रॅमचा जेमतेम पाचवा भाग. पण तेंदूचं पान हवा आत येऊ देत नाही आणि बिडी सारखी विझते, म्हणून जोरात आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते, त्यामुळे निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगरेटीपेक्षा कमी जात नाही. हे मी सांगितलं तर म्हणाले, "विझती हे मात्र बरोबर."

दुसरा मुद्दा वयाचा, की साठीत सोडून काय उपयोग. यावर मी त्यांना ब्रिटिश डॉक्टरांची गोष्ट सांगितली. १९५१ पासून तिथल्या हजारो डॉक्टरांच्या ओढण्याच्या सवयी आणि मृत्यूंची नोंद पन्नास वर्षं ठेवली गेली आणि २००४ मध्ये हिशोब छापून आला, तिशीत सोडली तर साधारण दहा वर्षं वाचतात, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा, आणि साठीत सोडली तरी तीन. मामांनी फक्त शेवटचा आकडा ऐकला. "तीन म्हंजी नातीची दहावी बघीन." तिथे गाडी वळली असं मला वाटतं. धाप, एक्सरे, पाकिटावरचे फोटो यांनी जे झालं नाही ते त्या दहावीने केलं.

प्रत्यक्ष कामाला लागली ती मामी. बंडलवर छापलेला १८००-११-२३५६ नंबर असतो, सरकारी टोल फ्री, २०१८ पासून तो पाकिटांवर छापतात. मामीने सरळ तो लावला आणि मामांच्या हातात फोन दिला. मराठीत बोलणारी मुलगी होती, पंधरा-वीस मिनिटं बोलली, मामा तिला "ताई, ताई" करत होते. शेवटी तिने विचारलं घरात अजून कोणी तंबाखू वापरतं का, तर स्पीकरवर ऐकत बसलेली मामी म्हणाली, "दूध उतू जाईल," आणि उठून गेली. तेव्हा मी याच्यावर काही विचार केला नाही.

सवय किती घट्ट आहे ते मोजायला सहा प्रश्नांची एक चाचणी असते, फागरस्ट्रॉम नावाची, दहापैकी मार्क. उठल्यावर पाच मिनिटांच्या आत पहिली ओढता का? मामा अंथरुणातच ओढायचे, तीन मार्क. आजारी असताना? होय. सकाळीच जास्त? होय. एकूण आठ. बंदी असलेल्या ठिकाणी न ओढता राहणं जड जातं का, एवढ्या एकाच प्रश्नाला शून्य, ती एसटीची कृपा. आठ मार्क म्हणजे नुसत्या शपथेवर सुटण्यातला प्रकार नाही, मेंदूला निकोटीनची सवय अशी झालीय की रात्रीच्या झोपेत ते उतरलं की सकाळी शरीर ओरडतं. निकोटीनचं रक्तातलं प्रमाण दोनेक तासांत निम्मं होतं, मग पहाटेपर्यंत काय राहणार.

म्हणून मॅडमनी बाहेरून निकोटीन द्यायचं ठरवलं. आधी च्युइंगम, ४ मिलीग्रॅमचा, कारण अर्ध्या तासाच्या आत पहिली ओढणाऱ्याला २ चा पुरत नाही (२ चा आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ ला चिठ्ठी लागते). पण मामांना वरची कवळी आहे. पहिला गम कवळीला असा चिकटला की मामीने सुरीने खरवडला. शिवाय पानासारखं चावून रस गिळला, मग उचक्या. गम चावायचा थोडा, तोंडात झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, परत थोडा चावायचा, आणि आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी-सरबत नाही कारण आंबट तोंडात निकोटीन शोषलं जात नाही, हे सगळं पाळेपर्यंत माणूस दोन बिड्या ओढून येईल. त्यामुळे गम बाद. दंडावर २१ मिलीग्रॅम निकोटीनची पट्टी रोज नवी, आणि तलफ आली की निकोटीनचीच चघळायची गोळी. पट्टी दिवसभर संथ देते, गोळी त्या पाच मिनिटांपुरती, दोन्ही मिळून एकट्या पट्टीपेक्षा चांगलं चालतं. सहा आठवडे २१, मग दोन-दोन आठवडे १४ आणि ७.

पहिले तीन दिवस वाईट असतात असं सांगितलेलं होतं, होते. मामा टीव्हीच्या रिमोटवरून नातीवर ओरडले, मग स्वतःच जाऊन चॉकलेट आणलं. रात्री पट्टी ठेवून झोपल्यामुळे स्वप्नं भयानक स्पष्ट, रोज तेच, खंबाटकी घाटात ब्रेक लागत नाहीये आणि मागे पंचावन्न पॅसेंजर. पण पट्टी रात्री काढली तर सकाळची तलफ जड जाते, म्हणून त्यांनी घाट पसंत केला.

आणि संडासचा प्रश्न. याच्यावर कुणी लिहित नाही पण खेड्यातल्या दहापैकी निम्मे लोक यासाठीच परत ओढतात असं माझं मत झालंय, आकडा नाही माझ्याकडे, काउंटरवरचा अनुभव. निकोटीनने आतडी हलतात, त्यामुळे अडतीस वर्षं सकाळची बिडी हेच जुलाबाचं औषध होतं, ती बंद केल्यावर पोट संपावर. पट्टी असूनसुद्धा चार दिवस काही नाही. रात्री इसबगोल, पहाटे दोन तांबे कोमट पाणी आणि वेशीपर्यंत चक्कर, पाचव्या दिवशी मामांचा फोन, "झाली रं ड्युटी चालू."

सगळं ठीक चाललं होतं, आणि मग दसरा.

तर मामीच्या फोनवर माझी पहिली चूक. मी म्हटलं पट्टी जास्त होत असेल, मळमळ, धडधड, थरथर हे निकोटीन जास्त झाल्यावर होतंच, पट्टी काढा आणि चघळायची गोळी पण बंद. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. दुपारी बाराला विचारलं तर धडधड तशीच. चारला तशीच, नाडी मोजायला लावली तर ११६. आणि आता वर तलफही जोरात, कारण पट्टी काढलेली. म्हणजे पेशंट दोन्हीकडून मेला. तोपर्यंत घरात आपट्याची पानं द्यायला आलेल्या प्रत्येकाने सल्ला दिलेला होता. तात्या म्हणत होते अमक्याने सोडली आणि सहा महिन्यांत गेला. हे वाक्य तुम्ही पण ऐकलं असेल, प्रत्येक गावात असा एक अमका असतो. यात लोकांच्या लक्षात येत नाही ते असं की बरेच जण सोडतातच मुळी काहीतरी मोठं निघाल्यावर, मग मरतो तो त्या आजाराने आणि नाव लागतं सोडण्यावर. पण दसऱ्याच्या दिवशी थरथरणाऱ्या माणसासमोर हे कोण सांगत बसणार, मामा तर म्हणाले की एक ओढून बघतो, न्हाई तर जातोच मी.

चार वाजता माझी ट्यूब पेटली पाहिजे होती. सकाळी पट्टी काढली, कातडीत मुरलेलं निकोटीन थोडा वेळ उतरत राहतं, पण आठ तासांत बरंचसं गेलेलं असतं, मग नाडी अजून ११६ कशी? म्हणजे कारण निकोटीन नाहीच. पण ट्यूब माझी नाही पेटली, मॅडमची पेटली. सुट्टीचा दिवस असून त्यांनी फोन उचलला आणि पट्टीबद्दल एक शब्द न विचारता म्हणाल्या, "अजून कोणत्या गोळ्या चालू आहेत? मी दिलेला इन्हेलर घेतायत ना?"

थिओफिलीन. मी डोक्याला हात लावला, कारण हे मी डी.फार्म.ला शिकलेलो आहे.

गोष्ट अशी आहे. बिडीच्या धुरातला जो डांबरासारखा भाग असतो त्याने लिव्हरमधलं एक एन्झाइम जोरात चालायला लागतं, आणि थिओफिलीन फोडून बाहेर काढायचं काम नेमकं तेच करतं. म्हणून ओढणाऱ्या माणसात ही गोळी लवकर संपते, डोस "कमी पडतो", डॉक्टर वाढवतात. मामांचं हेच झालेलं. आता धूर बंद झाला की आठवड्याभरात ते एन्झाइम थंड पडतं, आणि तीच वाढवलेली गोळी रक्तात साठायला लागते. यात निकोटीनचा संबंधच नाही, त्यामुळे पट्टी लावलेली असली तरी फरक पडत नाही. सोडल्यावर आठवड्यात हा डोस साधारण पाव ते एक तृतीयांश कमी करावा असं सरळ पुस्तकात आहे. थिओफिलीन ही अशी गोळी की उपयोगाचा आणि त्रासाचा डोस यांच्यात अंतर फार थोडं, जास्त झालं की उलट्या, थरथर, धडधड, अगदी वाढलं तर फिट सुद्धा.

वर चहा. चहातलं कॅफीन फोडायचं कामही तेच एन्झाइम करतं. मामा एरवी दिवसाला चार कप घ्यायचे, बिडी सुटल्यावर हाताला काम नाही म्हणून आठ-नऊ. म्हणजे कप दुप्पट आणि प्रत्येक कप रक्तात राहणार आधीपेक्षा जास्त वेळ. रात्रभर झोप नाही यात नवल काय.

ही माझी दुसरी चूक, आणि खरं तर पहिली हीच. पट्टी लावायच्या आधी चालू औषधांची यादी करायला पाहिजे होती. मी घरचा माणूस म्हणून घरच्यासारखाच वागलो, काउंटरवरच्या अनोळखी पेशंटला मी नक्की विचारलं असतं. (तुमच्यापैकी कुणी सोडत असेल आणि दम्याच्या, डिप्रेशनच्या, मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगा, क्लोझापाइन आणि ओलान्झापाइन या मानसिक आजाराच्या गोळ्यांचं पण असंच होतं. स्वतः डोस कमी करू नका.)

मी संध्याकाळी पुण्यातून निघालो, रात्री साताऱ्याला ईसीजी काढला, वेग सोडला तर बाकी ठीक होतं. मॅडमनी थिओफिलीन बंदच केली, सलाईन लावून रात्रभर ठेवून घेतलं, सकाळी इन्हेलर समोर बसून ओढायला शिकवला, आणि पट्टी परत लावली. मामांना सगळ्यात आश्चर्य पट्टी परत लावल्याचं वाटलं. दोन दिवसांत हात थांबले. चहा तीन कपांवर आणला, तोही चार वाजल्यानंतर नाही. झोप आली, घाट पण परत आला, पण आता ब्रेक थोडे लागत होते म्हणे.

मामांनी नंतर जे सांगितलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ते म्हणाले, तलफेला मी भीत नव्हतो, ती पाच मिन्टात जाती हे त्या ताईनं सांगितलं व्हतं, पण सगळे म्हणायला लागले तू मरशील तर मला खरंच वाटलं. म्हणजे निग्रहवाला माणूस सुद्धा परत ओढायला निघाला होता तो औषध म्हणून.

पुढचं थोडक्यात. दिवाळीनंतर त्यांचे एक जुने कंडक्टर वारले, मुक्कामी गाडीत पहिली बिडी देणारे तेच. अंत्यविधीला कुणीतरी बिडी पुढे केली आणि मामांनी घेतली, तीन झुरके. घरी येऊन मामीला सांगितलं, आणि घाबरले होते कारण पट्टी लावून ओढली की अ‍ॅटॅक येतो असं कुणीतरी भरवलेलं. मॅडम म्हणाल्या पट्टी तशीच चालू ठेवा, झुरके तीनच ठेवा. ते तीनच राहिले. आधीच्या वेळी बावीस दिवसांनंतर एक ओढली की "मोडलंच आता" म्हणून पूर्ण बंडल व्हायचं, यावेळी तसं झालं नाही एवढं खरं.

खोकला मात्र सोडल्यावर महिनाभर वाढला, छाती साफ व्हायला लागली की तसं होतं. वजन पाच किलो वाढलं, सगळं शेंगदाणे-गुळाचं. डिसेंबर संपता संपता पट्टी बंद. २०२४ च्या नवरात्रात परत स्पायरोमेट्री केली, ५८ चे ६१ झाले होते, त्यातला बराचसा वाटा इन्हेलरचा असणार, मामा तो पूर्ण स्वतःच्या नावावर लावतात आणि मी वाद घालत नाही.

त्याच ट्रिपला रात्री जेवण झाल्यावर अंगणात बसलो होतो. मामी मागच्या बाजूला चूळ भरत होती, आणि भाजक्या तंबाखूचा तो ओळखीचा वास आला. लहानपणापासून आजोळचा वास म्हणून डोक्यात बसलेला, तो मिशरीचा होता हे मला तेव्हा, चाळिशीत, कळलं म्हणा ना. मामा माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "दिवसाला चारदा लावती, मी मोजलंय. मिशरीला पट्टी असती का रं?"

मागून आवाज आला, "ऐकलं मी. आणि ती काय तंबाखू हाय व्हय, मंजन हाय ते."

मामा खुर्चीतून उठले, आत गेले, आणि कपाटातून ते जुनं, अर्धं बंडल घेऊन आले, नंबर असलेलं.